ओला अक्रोड खाल्लाय कधी?

दिवाळीच्या बॉक्समधला तो सुरकुतलेला, कडवट तुकडा म्हणजेच अक्रोड, असं वाटत असेल तर जरा थांबा. झाडावरून नुकताच उतरलेला अक्रोड ही एकदम वेगळी चीज आहे. तो मागवायचा कधी, सोलायचा कसा, खायचा कसा आणि उरला तर टिकवायचा कसा, याचा हा सगळा फंडा!

ऑफिसात दिवाळीला मिळणाऱ्या ड्रायफ्रूट बॉक्सचं एक ठरलेलं गणित असतं. पहिल्या दिवशी काजू संपतात. दुसऱ्या दिवशी पिस्ते. बदाम आई ताब्यात घेते, रात्री भिजत घालायला. मनुका येताजाता तोंडात टाकल्या जातात. आणि भाऊबीज उलटून गेली तरी एका कप्प्यात जसेच्या तसे पडून राहतात ते अक्रोड! ‘मेंदूला चांगले असतात रे’ म्हणत कुणीतरी एखादा उचलतं, चावतं, तोंड वाकडं करतं आणि वर घटाघटा पाणी पितं.

आता यात बिचाऱ्या अक्रोडाचा काय दोष? बहुतेक वेळा तो आपल्यापर्यंत पोचेस्तोवर म्हातारा झालेला असतो. गोदामात, ट्रकमध्ये, दुकानातल्या दिव्याखाली काचेच्या बरणीत त्याचे महिनेच्या महिने गेलेले असतात. त्याची तारुण्यातली चव आपल्यापैकी फार थोड्यांनी घेतलेली असते.

खरं तर मराठी माणसाला ही गोष्ट समजायला अजिबात अवघड नाही. ओलं खोबरं आणि सुकं खोबरं यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ओल्या शेंगा उकडून खाण्यातली मजा भाजक्या शेंगदाण्यात नसते. आणि कोकणातल्या माणसाला विचारा, ओल्या काजूच्या उसळीसाठी तो किती मैल प्रवास करेल! तसाच अक्रोडही ओला असतो. पांढराशुभ्र, करकरीत, किंचित दुधाळ आणि चक्क गोडसर.

ही काही फक्त खवय्यांनी केलेली विभागणी नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या मानकांतही ‘ताजा अक्रोड’ आणि ‘सुका अक्रोड’ हे दोन वेगळे माल आहेत. कवचासकट अक्रोडात २० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असेल तर तो ताजा, आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर तो सुका. फ्रान्समध्ये ग्रनोबल भागातल्या अक्रोडाला १९३८ पासून नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. तिथे शरद ऋतूत ताजा अक्रोड बाजारात आला की लोक तो मोसमी फळासारखा खातात, आपण पावसाळ्यात मक्याचं कणीस खातो तसा!

कडू वेगळं, खवट वेगळं

पुढे जाण्याआधी एक घोळ मिटवून टाकू. ‘अक्रोड कडू लागतो’ असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा दोन अगदी वेगळ्या चवींची गल्लत करत असतो.

पहिली चव सालीची. अक्रोडाच्या गरावर एक पातळ, तपकिरी पापुद्रा असतो. त्यात टॅनिन असतं, चहा जास्त उकळला की जिभेला जाणवतं ना, तेच. ते नैसर्गिक आहे आणि त्यात वाईट काही नाही. दुसरी चव मात्र तेल बिघडल्याची, म्हणजे आपल्या भाषेत ‘खवट’. सुक्या अक्रोडाच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यातला मोठा भाग असतो पॉलिअनसॅच्युरेटेड. ओमेगा-३ गटातलं अल्फा लिनोलेनिक अॅसिड एकटंच ९ ग्रॅमच्या आसपास. ज्या ओमेगा-३ साठी डाएटिशियन अक्रोड खायला सांगतात, नेमकं तेच हवा, उजेड आणि उष्णता लागली की पटापट बिघडतं!

ओळखायचं कसं? सोपं आहे. गरावरचा पापुद्रा नखाने थोडा काढा आणि आतला पांढरा भाग चावून बघा. कडवटपणा गेला, तर तो सालीचा होता. पण घशाशी जुन्या तेलासारखी, ऑइल पेंटसारखी चव रेंगाळली, तर तो खवट झालाय. असा अक्रोड केकमध्ये ढकलून ‘खपवू’ नका. अख्खा केक खवट होईल.

सप्टेंबरवर लक्ष ठेवा!

ओला अक्रोड वर्षभर मिळत नाही आणि त्याची गंमतही त्यातच आहे. आपल्याकडे अक्रोड म्हणजे मुख्यत: काश्मीर. देशातल्या उत्पादनाचा ९० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या जम्मू-काश्मीरचा. खोऱ्यात कुपवाडा, अनंतनाग, तर जम्मूच्या बाजूला डोडा, किश्तवाड हे अक्रोडाचे नावाजलेले पट्टे. हिमाचल आणि उत्तराखंडातही झाडं आहेत, त्यामुळे त्या बाजूला ट्रेकला गेलात तर गावातल्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले अक्रोड हमखास दिसतील.

काश्मिरी भाषेत अक्रोडाला म्हणतात ‘डून’. ऑगस्टच्या अखेरीस काढणी सुरू होते, सप्टेंबरभर धूमधडाका असतो आणि उंचावरच्या गावांत ती ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. म्हणजे आपल्याकडे गणपती-नवरात्राची गडबड असते, तेव्हा तिकडे घराघरात अक्रोड सोलणं चालू असतं.

कवचावरून तिथे तीन प्रकार मानतात. कागदी, म्हणजे पातळ कवचाचा, हाताने दाबून फुटेल असा. बुरझुल, मधल्या जाडीचा. आणि वंठ, ज्याच्यापुढे हातोडीही घाम गाळते. घरी खायला मागवताय तर डोळे मिटून कागदी मागवा.

हल्ली तिथून थेट घरपोच पाठवणारे विक्रेते बरेच आहेत. ऑर्डर देताना एक प्रश्न मात्र नक्की विचारा, ‘ओले आहेत की वाळवलेले?’ कारण ‘न्यू क्रॉप’ किंवा ‘फ्रेश’ असं लिहिलं असलं तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘यंदाच्या हंगामातले, पण वाळवलेले’ असा असतो. तेही चांगलेच असतात, पण ते ओले नव्हेत. दुसरा प्रश्न पॅकिंगचा. गोणपाट, कापडी पिशवी किंवा भोकं असलेला पुठ्ठ्याचा खोका चालेल. हवाबंद प्लॅस्टिक नको, त्यात ओल्या अक्रोडाला वाटेतच बुरशी धरते. पार्सल आलं की खोका तसाच कोपऱ्यात ठेवून ऑफिसला पळू नका. आधी उघडा, अक्रोड परातीत पसरा आणि मग खुशाल जा.

हिरवी साल, काळे हात

झाडावर अक्रोड हिरव्या, मांसल सालीच्या आत असतो. दिसायला छोट्या कैरीसारखा. पिकला की ही साल आपोआप तडकते आणि आतलं कवच डोकावायला लागतं. बरेच विक्रेते साल काढूनच पाठवतात. पण कधी सालीसकट मिळाले, किंवा ट्रिपहून येताना एखाद्या बागवाल्याने प्रेमाने पिशवीभर दिले, तर ही पायरी तुमच्यावर आली म्हणून समजा!

इथे एक धोक्याची सूचना. या हिरव्या सालीचा रस हवेशी संगत झाली की काळपट तपकिरी होतो आणि त्वचेवर असा काही बसतो की बस! साबण, लिंबू, हँडवॉश सगळे उपाय फोल. कातडीचा वरचा थर झडेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे तो तुमच्यासोबत मुक्कामाला. ओल्या काजूच्या चिकाने भाजलेली बोटं ज्यांनी पाहिलीत त्यांना अंदाज येईल. इथे भाजत नाही, पण डाग भयंकर. सोमवारी क्लायंट मीटिंग असेल तर रविवारी उघड्या हाताने अक्रोड सोलू नका! याच रंगाने पूर्वापार लोकर रंगवली जाते, आणि झाडाची साल ‘दंडासा’ म्हणून दात घासायला आणि ओठ रंगवायला उत्तरेत वापरतात. तेव्हा रंगाच्या पक्केपणाबद्दल शंका नको.

तयारी अशी करा. रबरी हातमोजे, जुना टी-शर्ट, ओट्यावर वर्तमानपत्राचे दोन-तीन थर. पांढऱ्या मार्बलचा ओटा असेल तर काम सरळ बाल्कनीत न्या. तडकलेली साल बोटानेच निघते. घट्ट असेल तर सुरीने भोवताली एक चीर द्या आणि दोन्ही भाग पिळून सोडवा. साल जराही तडकली नसेल, घट्ट हिरवी असेल, तर दोन-तीन दिवस सावलीत एका थरात पसरून ठेवा, ती सुटायला लागेल.

मात्र फार वाट बघू नका. साल काळी पडून लिबलिबीत झाली की तो काळा रस कवचातून आत झिरपतो आणि गर काळपट, उग्र होतो. म्हणून साल तडकली की एक-दोन दिवसांत हे काम उरकायचं. काढलेली साल कुंडीत टाकायचा मोह टाळा. त्यातल्या जुग्लोन नावाच्या द्रव्याने टोमॅटोसारखी काही झाडं मान टाकतात.

धुवा, पण भिजत ठेवू नका

साल काढलेले अक्रोड बादलीत घेऊन भरपूर पाण्याने, जुन्या टूथब्रशने किंवा नारळाच्या काथ्याने घासून धुवा. कवचाला चिकटलेले सालीचे तंतू राहिले तर बुरशी तिथूनच सुरू होते. धुताना जे तरंगतात ते बाजूला काढा. त्यातले बरेचसे पोचट किंवा किडके निघतात. एखाद-दुसरा फोडून खात्री करून घ्या आणि मग बाकीच्यांचा निकाल लावा.

कवच डागाळलेलं दिसलं म्हणून नाराज होऊ नका. दुकानातले एकसारखे गोरेपान अक्रोड बघायची आपल्याला सवय झालीय, पण व्यापारात कवच ब्लीच करून उजळ करण्याचीही पद्धत आहे. घरी धुतलेला अक्रोड थोडा कळकट दिसणारच. आपल्याला कवच थोडंच खायचंय?

दाराच्या फटीची सुटका

अक्रोड फोडायची पारंपरिक मराठी पद्धत सांगायची गरज नाही. दाराच्या बिजागरीपाशी अक्रोड धरायचा, दार ओढायचं, कट्! मग आतून आजोबांचा आवाज, ‘दार मोडेल रे!’ ओल्या अक्रोडाला हा खटाटोप लागतच नाही. शिवाय दारात चेपला की नाजूक गराचा भुगा होतो तो वेगळाच.

अक्रोडाच्या ज्या टोकाला देठ असतो, ते टोक जरा मऊ असतं. अक्रोड जाड नॅपकिनमध्ये गुंडाळून टेबलावर टेकवा. त्या मऊ जागी बोथट, जाड पात्याच्या सुरीचं टोक घाला आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं फिरवा. दोन्ही शकलं अलगद सुटतात. धारदार सुरी मात्र घेऊ नका, घसरली की बोटावर. कवच थोडं सुकलेलं असेल तर अक्रोड असा धरा की दोन शकलांची जोडरेषा वर येईल आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने किंवा छोट्या हातोडीने त्या रेषेवर हलके हलके ठोके द्या. जोर लावायचा नाही, फिरवत फिरवत ठोकायचं. आणि अडकित्ता सुपारीसाठीच राहू द्या, गोल अक्रोडावर तो सटकतो.

पांढराशुभ्र गर, म्हणजे असली मजा

आता मुख्य कार्यक्रम! गर बाहेर काढलात की तो पापुद्रा काढायचा. ओल्या अक्रोडात ही साल ओलसर आणि सैल असते. नखाने एक टोक उचललं की भिजलेल्या बदामासारखी सरसर निघते. खाचाखोचांमुळे वेळ लागतो हे कबूल, पण शनिवारी रात्री पिक्चर लावून मित्रमंडळी गोल करून बसली की किलोभर कधी संपतो कळत नाही. सोलताना गप्पा रंगतात आणि हातात मोबाइल धरता येत नाही, हा बोनस!

पापुद्रा निघत नसेल तर दोन उपाय. गर कडकडीत गरम पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात टाका. किंवा मिठाच्या पाण्यात चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा. दुसरा उपाय चवीलाही भारी आहे. इराणमध्ये, तेहरानच्या रस्त्यांवर, मोसमात सोललेले ताजे अक्रोड मिठाच्या पाण्यात ठेवून विकतात. ते विकणाऱ्यांची बोटं काळीकुट्ट असतात आणि अक्रोड मात्र मोगऱ्यासारखे पांढरे.

पापुद्र्यासकट खाल्लं तर चालतं का? अगदी चालतं. त्यात अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात, पण ओल्या अक्रोडात त्याचा कडवटपणा जरा जास्तच बोचतो. एक सालीसकट, एक सोललेला असं खाऊन बघा आणि आपापलं ठरवा.

ताटात काय काय?

पहिले दहा-बारा तर नुसतेच खा. फार तर वर चिमूटभर मीठ. त्यानंतर हे प्रयोग:

डून चेटिन: ही काश्मिरी घराघरातली अक्रोडाची चटणी. मूठभर सोललेले अक्रोड, एक-दोन हिरव्या मिरच्या, थोडा पुदिना आणि मीठ एकत्र वाटायचं आणि घट्ट दह्यात कालवायचं. पोळीबरोबर, पराठ्याबरोबर, कबाबबरोबर, कशाहीबरोबर! मिक्सरपेक्षा खलबत्त्यात केली तर जरा भरड राहते आणि जास्त छान लागते.

कोशिंबीर: काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाऐवजी ओल्या अक्रोडाचे भरड तुकडे घाला. वरून जिऱ्याची फोडणी. दाण्याच्या कुटाचा खमंगपणा नसेल, पण एक दुधाळ गोडवा येतो.

मोसमाची जोडी: नाशपाती आणि सफरचंदही तेव्हाच बाजारात असतात. त्यांच्या फोडी, सोललेले अक्रोड, पनीरचे तुकडे, लिंबू, मिरपूड. ऑफिसच्या डब्यासाठी मस्त सॅलड. फक्त डबा फ्रिजमध्ये ठेवा.

गूळ-अक्रोड: जेवणानंतर गोड हवंच असतं ना? चिक्कीच्या गुळाचा खडा आणि दोन अक्रोड. विषय संपला!

ओला अक्रोड भाजू नका, तळू नका. त्यातलं पाणी हीच त्याची खासियत. भाजायचा असेल तर सुका आहेच की.

आता ‘किती खायचे’ हा आपल्या पिढीचा लाडका प्रश्न. सुक्या अक्रोडाच्या २८ ग्रॅम गरात, म्हणजे साधारण सात अख्ख्या अक्रोडांत, १८५ कॅलरी असतात आणि सुमारे अडीच ग्रॅम अल्फा लिनोलेनिक अॅसिड मिळतं. ओल्यात पाणी जास्त, त्यामुळे तेवढ्याच वजनाला कॅलरी कमी. तेव्हा सात-आठ खाताना टेन्शन घ्यायचं कारण नाही. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. अक्रोडाची अॅलर्जी असू शकते आणि ती तीव्र असू शकते. पहिल्यांदाच खाताय आणि तोंडाला खाज आली, ओठ सुजले, तर लगेच थांबा. श्वासाला त्रास झाला तर थेट डॉक्टर गाठा. घरी पाहुणे असतील तर वाढण्याआधी विचारून घ्या, विशेषत: लहान मुलं असतील तर.

उरले तर वाळवा

ओला अक्रोड नाशवंत आहे. कवचासकट कापडी किंवा कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला तर आठवडाभर मजेत राहतो. सोललेला गर मात्र मिठाच्या पाण्यात ठेवून, रोज पाणी बदलून, दोन-तीन दिवसांत संपवायचा. त्यापेक्षा जास्त आणले असतील तर बाकीचे वाळवायला घ्या.

वाळवण म्हटलं की आपल्याला कडक ऊन आणि गच्ची आठवते. पापडाचा हा नियम इथे लावू नका! अक्रोड सावलीत वाळवायचा. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तेल बिघडायला लागतं, म्हणून ओव्हन आणि मायक्रोवेव्हचा शॉर्टकट बाद. चाळणीत, सुपात किंवा जाळीच्या टोपलीत एका थरात पसरा, वर पंखा सोडा आणि दिवसातून दोनदा हलवा. मुंबईची सप्टेंबरची हवा दमट असते, त्यामुळे तिथे बाल्कनीपेक्षा एसी असलेली खोली उत्तम, एसी हवेतला दमटपणा खेचून घेतो. पुण्या-नाशकात ऑक्टोबर हीट सुरू झाली की काम आणखी सोपं. बाल्कनीत ठेवलेत तर वर जाळी घाला. कावळे आणि खारी तुमच्याआधी जाग्या होतात.

झालं की नाही, कसं कळणार? एक फोडून बघा. दोन शकलांच्या मधे जो कागदासारखा पडदा असतो, तो वाकला तर अजून ओल आहे. कटकन तुटला तर वाळला. गरही मोडताना ‘कट’ असा आवाज आला पाहिजे. हवेनुसार याला दहा दिवस लागतात, कधी दोन आठवडे. घाई करून ओलसर अक्रोड डब्यात भरलात तर बुरशी ठरलेली. आणि गरावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचा खायचा विचारही नको, तो अक्रोड सरळ टाकून द्या. बुरशीतली काही विषद्रव्यं डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत.

वाळलेले अक्रोड शक्यतो कवचातच ठेवा. कवच हे निसर्गाचं उत्तम पॅकिंग आहे. फोडलेला गर मात्र हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आणि जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझरमध्ये. तिथे तो वर्षभर टिकतो. झाकण घट्ट हवं, कारण अक्रोड वास पटकन ओढून घेतो. शेजारी चिरलेला कांदा किंवा सुकट असेल तर आपला शिरा त्याच चवीचा होईल!

त्या झाडावर कोण चढतं?

आता थोडं सीरियस. काश्मीरमधली जुनी अक्रोडाची झाडं वीस-पंचवीस मीटरपर्यंत वाढतात. म्हणजे सहा-सात मजली इमारत. काढणीच्या दिवसांत माणसं या झाडांवर चढतात आणि फांदीवर उभं राहून लांब काठीने अक्रोड झोडपतात. पहाटेच्या दवाने फांद्या निसरड्या झालेल्या असतात. दोरी, पट्टा, जाळी असं काही बहुतेकांकडे नसतं. दर हंगामात पडून माणसं दगावतात, कित्येकांच्या पाठीचा कणा मोडतो आणि ती उरलेलं आयुष्य अंथरुणावर काढतात. तिथल्या वृत्तपत्रांत सप्टेंबर आला की या बातम्या येतातच.

उपाय नाहीत असं नाही. श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेने अक्रोडाचे निवडक वाण तयार केलेत. त्यांची कलमी झाडं बियांपासून वाढलेल्या झाडांपेक्षा लवकर फळतात आणि छाटणी करून आटोपशीर ठेवता येतात. पण अक्रोडाच्या बागा एका रात्रीत बदलत नाहीत. तिथे १९६९ साली झालेल्या कायद्याने अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. ही झाडं वाचावीत म्हणून तो कायदा आला. शिवाय जुनं झाड काढून नव्या कलमाला फळ धरेपर्यंतची वर्षं घर कशावर चालवायचं, हा प्रश्न उरतोच.

त्यात बाजाराचा दाब. कॅलिफोर्निया आणि चिलीचा मोठा, उजळ अक्रोड आपल्या मॉलमध्ये दिमाखात बसलेला असतो. भारताने २०१९ मध्ये अमेरिकी अक्रोडावर आधीच्या १०० टक्के शुल्कावर आणखी २० टक्के शुल्क लावलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ते जादा शुल्क मागे घेतलं गेलं. सुक्या मालाच्या या स्पर्धेत काश्मीरचा शेतकरी दिसण्यावर मार खातो. पण ओला अक्रोड अर्ध्या जगाचा प्रवास करून तितक्याच ताजेपणाने आपल्यापर्यंत पोचणं कठीण. चार दिवसांत काश्मीरहून पुण्याला मात्र तो पोचू शकतो. म्हणून हंगामात थेट तिथून मागवताना भावासाठी फार घासाघीस करू नका. सहा मजले चढून उतरवलेली वस्तू आहे ती.

मोसम हुकला तर?

हा लेख वाचताना सप्टेंबर उलटून गेला असेल, तर त्यावरही काश्मीरकडेच उत्तर आहे. महाशिवरात्रीला काश्मिरी पंडितांचा ‘हेरथ’ हा सर्वांत मोठा सण असतो. त्यात पाण्याने भरलेल्या भांड्यांत कवचासकट अक्रोड ठेवून पूजा करतात. या पूजेला म्हणतात ‘वटुक’. पुढे अमावास्येला, जिला ‘डून मावस’ म्हणतात, हे अक्रोड बाहेर काढून प्रसाद म्हणून खातात आणि नातेवाइकांकडे, शेजारीपाजारी वाटतात. पाण्यात राहून गर पुन्हा फुगलेला, मऊ-करकरीत झालेला असतो. १९९० नंतर घर सोडावं लागलेल्या पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत राखीव जागा ठेवण्यात आल्या. त्यातली बरीच मुलं पुढे इथेच स्थायिक झाली. त्यामुळे तुमच्या टीममध्ये एखादा कौल किंवा रैना असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या डब्यावर लक्ष ठेवा!

घरी करायचं तर चांगल्या प्रतीचे, कवचासकट सुके अक्रोड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. दोन-तीन दिवसांनी फोडा. नुसता गर असेल तर मिठाच्या पाण्यात रात्रभर पुरे. पाणी तपकिरी होईल, ते फेकून द्या. झाडावरच्या ताज्या अक्रोडाची सर येणार नाही, पण दिवाळीच्या बॉक्समधल्यापेक्षा नक्कीच वरचढ. फक्त खवट झालेला अक्रोड भिजवून सुधारत नाही, हे विसरू नका.

तर पुढचं पाऊल सोपं आहे. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये १ सप्टेंबरला रिमाइंडर टाका, ‘ओले अक्रोड मागवणे’. आणि हो, रबरी हातमोजे आधीच आणून ठेवा!

चटकन बघा

• हंगाम: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात.
• मागवताना: ‘कागदी’ प्रकार, ‘ओले’ असं स्पष्ट विचारून, हवा खेळेल अशा पॅकिंगमध्ये.
• हिरवी साल: तडकल्यावर एक-दोन दिवसांत काढा, हातमोजे घालूनच.
• खाताना: पापुद्रा सोला, चिमूटभर मीठ लावा.
• ठेवताना: कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर. सोललेला गर मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस.
• वाळवताना: सावली, पंखा, एकच थर. आतला पडदा कटकन तुटला की झालं.
• टाकून द्या: गरावर बुरशी किंवा खवट वास असेल तर, विचार न करता.